चित्राखाली ठेवलेली चाल

आमच्या धंद्यात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण नवा माणूस आला की आठवड्याभरात कुणीतरी त्याच्या कानात सांगतंच: जिवाचं असेल ते चित्राखाली ठेवायचं नाही.

धंदा जाहिरातींना संगीत द्यायचा. चित्र आधी येतं, मुकं. मुकं चित्र कुणाला बघवत नाही, म्हणून खरं संगीत तयार होईपर्यंत आम्ही त्याखाली तात्पुरतं काहीतरी वाजत ठेवतो. आणि माणसाच्या मनाची खोड अशी, की तेच चित्र त्याच सुराबरोबर तीनदा पाहिलं की चौथ्या वेळी दुसरा सूर चालत नाही. रुसलेल्या जावयासारखा तो तात्पुरता सूर मग हलता हलत नाही. म्हणून तात्पुरतं ठेवायचं ते चोथा झालेलं, ज्याचं कुणाला सोयरसुतक नाही असं.

सोळा वर्षं मी हा नियम पाळला, इतरांना शिकवला, आणि एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी स्वतःच मोडला.

आमचं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. एकीलाही खिडकी नाही. माझ्या खोलीला पूर्वी होती म्हणे. आवाज आत येतो म्हणून ती विटांनी बुजवली आणि वर स्पंजचे काळे चौकोन चिकटवले. दाराला दोन झडपा. दोन्ही लावल्या की स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू येतो. दर सोमवारी ऑफिस चालवणाऱ्या मॅडम भिंतीवर यादी लावतात: ह्या महिन्यात बाजारात काय चाललंय. पहिल्या तीन सेकंदांत पकड हवी. शिट्टी चालेल. टाळी हवीच. ह्या यादीबरहुकूम मी पंखे, बिस्किटं, विमे आणि चपला ह्यांना चाली दिल्या. 'तसंच हवं, पण ते नको' हे आमचं ब्रीद. गाजलेल्या गाण्याच्या इतकं जवळ जायचं की ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटावं, आणि इतकं लांब राहायचं की वकिलाला वाटू नये.

मधे एकदा मी नोकरी सोडलीही होती. स्वतःचं काही करीन म्हणून. चौदा महिन्यांनी परत आलो, तर माझी खुर्ची मी सोडली होती त्याच उंचीवर होती. ध्वनिमुद्रण करणारा आमचा मित्र (त्याला सगळे बटण म्हणतात, आता त्याची बायकोसुद्धा) म्हणाला, "आम्ही हातच लावला नाही. माहीत होतं."

आता माझ्या आत्याचं सांगतो.

आत्या देवाच्या कथा गाते. आमच्या गल्लीच्या टोकाला प्रार्थनाघर आहे, तिथे दर रविवारी सकाळी ती उभी राहते आणि दीड तास बोलता बोलता गाते, गाता गाता बोलते. हसवते, रडवते, शेवटच्या रांगेतल्या डुलकी घेणाऱ्याला नाव घेऊन उठवते. "झोपा, झोपा, देव काय कुठे पळून जात नाही, पण आमंत्रण तुम्हाला होतं!" पाय पुरायला लागले तेव्हापासून तिच्या बाजूला पायपेटी मी वाजवतो. माझ्यात जे काही थोडंफार चांगलं आहे ते त्या पेटीमागे बसून शिकलेलं आहे. बाकीचं स्पंजच्या खोलीतलं.

तिची सगळ्यात आवडती कथा नावाड्याची. जन्मभर त्याने लोकांना पैलतीरी नेलं. म्हातारपणी एकदा त्याला स्वतःलाच पलीकडे जायचं असतं, आणि ऐन मध्यावर हात चालेनासे होतात. तेव्हा तो म्हणतो:

नेले पैलतीरी
सारे वाटसरू
आता कसा तरू
माझा मीच

आणि मग होडीत मागे गप्प बसलेला कुणी उतारू उठतो, वल्हं हातात घेतो. कोण ते सांगायला नको.

ह्या चार ओळी आत्याने तीस वर्षं नुसत्या बोलून सांगितल्या. चाल बसत नव्हती. "रडका सूर लावला तर नावाडी भिकारी वाटतो," ती म्हणायची, "आणि गोड लावला तर सहलीला निघाल्यासारखा. तू एवढा चपलांना चाली लावतोस, ह्या गरिबाला एक दे की!"

ती द्यायला मला तीन वर्षं लागली. जेवणाच्या सुट्टीत, झडपा लावून. चाल सापडली ती सुरांत नव्हे, एका रिकाम्या जागेत. वल्हं पाण्यातून वर येतं, थेंब गळतात, आणि ते परत पाण्यात पडेपर्यंत होडी आपली आपण सरकत राहते. तेवढी जागा मी 'माझा' आणि 'मीच' ह्यांच्या मधे मोकळी सोडली. तिथे काही वाजत नाही. आत्याचा दम अलीकडे पुरत नव्हता. त्या मोकळ्या जागेत तिला श्वासही घेता यायचा. तिचं पहिल्यांदा गाऊन झालं तेव्हा ती कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसली. मग म्हणाली, "गाढवा, इतकी वर्षं कुठे होतास?"

तीन महिने ती ती चाल घोटत होती. डॉक्टरांनी उभं राहून गायला मनाई केली होती, आणि बसून कथा सांगायची नाही हा तिचा हट्ट. तेव्हा तिने ठरवलं: अजून एक कथा, नावाड्याची, आणि मग आपण खाली ऐकणाऱ्यांत जाऊन बसायचं. तारीखही ठरली. तिला घरी सरावाला हवं म्हणून मी पायपेटी आणि माझं गुणगुणणं ऑफिसच्या मशीनवर ध्वनिमुद्रित केलं होतं. माझा गुन्हा तिथूनच सुरू होतो.

कारण त्या मंगळवारी फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात आली. तीस सेकंदांचं मुकं चित्र. उन्हाच्या पट्ट्यात एक बाई फरशी पुसते आहे, सगळं सावकाश. पोछा डावीकडून उजवीकडे जातो, उचलला जातो, थेंब गळतात, परत टेकतो. मी बघतच राहिलो. पोछ्याला वल्ह्याची लय होती! मला फक्त एकदा बघायचं होतं. आपलं मूल शेजाऱ्याच्या अंगरख्यात कसं दिसतं ते बघावं तसं. मी नावाड्याची चाल चित्राखाली सरकवली. काही कापावं लागलं नाही, ताणावं लागलं नाही. पोछा हवेत असताना बरोबर ती मोकळी जागा आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. जेवून आल्यावर काढू म्हणून मी दोन झडपा ओढून घेतल्या आणि जेवायला गेलो.

मी चौथा घास घेत होतो तेव्हा मॅडम माझ्या खोलीत आल्या. फरशीवाल्यांचा फोन चालू होता, आत्ताच्या आत्ता काहीतरी दाखवा. पडद्यावर जे होतं ते मॅडमनी पाठवून दिलं. त्यांनी त्यांचं काम केलं.

"अंगावर काटा आला हो!" दुसऱ्या दिवशी फरशीवाले साहेब आमच्या बैठकीच्या खोलीत म्हणाले. "माझ्या बायकोला दाखवलं. पाच वेळा."

पाच वेळा. मी बटणकडे पाहिलं. त्याने कपाळाला हात लावला.

"साहेब, ते तात्पुरतं होतं," मी म्हणालो. "त्याहून झकास देतो तुम्हाला."

"झकास नको. हेच द्या. फक्त जरा आजच्या पद्धतीने. वेग वाढवा, टाळ्या टाका. आणि इथे मधे काही वाजतच नाही, ते काय? मशीन बंद पडलं का?"

"तिथे मोकळं आहे."

"मोकळं कशाला? आम्ही पूर्ण तीस सेकंदांचे पैसे देतोय! दोन टाळ्या येतील की तिथे. ठप् ठप्."

त्यांनी टेबलावर वाजवून दाखवलं. बसत होत्या. तेच वाईट होतं, की बरोबर बसत होत्या.

मी अकरा नव्या चाली केल्या. अगदी यादीतल्या यादीत. शिट्टीवाली, पावलांवर नाचणारी, लहान मुलं हसतात ती. प्रत्येक वेळी साहेब ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "छान आहे. आता ती लावा." अकराव्या चालीनंतर मी मॅडमच्या खोलीत गेलो.

"मॅडम, ती चाल विकायची नाहीये. माझ्या आत्यासाठी केलेली आहे. देवाच्या कथेसाठी."

मॅडम वाईट नाहीत. माझी मुलगी दवाखान्यात होती तेव्हा तीन दिवस डबा त्यांच्या घरून आला होता. त्यांनी चष्मा काढला. "केली कुठे?"

"इथेच. सुट्टीत."

"आमच्या मशीनवर."

"हो."

"म्हणजे करारात काय लिहिलंय ते मी सांगत नाही, तुम्हाला पाठ आहे. मी दुसरंच सांगते. सोळा वर्षं तुम्ही तोंड वाकडं करून माझ्या यादीकडे बघता. आपल्याकडे याहून चांगलं आहे हे मला न बोलता सांगता. आज पहिल्यांदा कुणीतरी तुमचं चांगलं मागितलं, तर तुम्ही नाही म्हणता. मी त्यांना काय सांगू? की ह्याचं वाईट तेवढं विकाऊ आहे?"



घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, मग नाही म्हणा."

"म्हणालो."

"मग सोडा नोकरी."

"मागे सोडली होती ना."

एका उशीच्या अभ्र्याची घडी तिने दोनदा घातली. "त्या चौदा महिन्यांत मी एक शब्द बोलले नव्हते. आताही बोलणार नाही. पण आत्याबाईंना आधी सांगा. दुसऱ्याकडून कळायला नको."

खरं होतं. उद्या सांगतो म्हणालो. उद्याचं परवा झालं. आत्या फोनवर विचारायची, "काय रे, आवाज का असा?" मी म्हणायचो सर्दी आहे.

आणि काम सुरू झालं. नुसतं सुरू झालं नाही, माझ्या हातांनी सुरू झालं. वेग वाढवला. पायपेटी काढली, तिच्या जागी काहीतरी चकाकणारं घातलं. मोकळ्या जागेत दोन टाळ्या. मग टाळ्या जरा पुढे. मग जरा मागे. 'जरा अजून आनंदी.' 'जरा कमी आनंदी, पण उत्साही.' एका मुलीने शब्द गायले:

एकदा पुसून
बघा लख्ख लादी
युक्ती किती साधी
घरोघरी

'घरो', ठप् ठप्, 'घरी'. माझी चाल त्या शब्दांनाही नाही म्हणाली नाही. चालीचं हे दुर्दैव असतं. ती गाईसारखी, जो दोर धरील त्याच्यामागे जाते. त्रेचाळीस वेळा मी ती बदलली. बटण त्रेचाळिसाव्याला म्हणाला, "आता तू शिंकलास तरी ठप् ठप् वाजेल." मी हसलो. त्या खोलीत हसू भिंतीला लागून परतसुद्धा येत नाही, स्पंज पिऊन टाकतो.

कथेच्या आठवड्यातल्या बुधवारी जाहिरात बाहेर पडली. शुक्रवारपर्यंत ती लिफ्टमध्ये होती, दुकानांत होती, माझ्या मुलीच्या शाळेच्या बसमध्ये होती, आणि चाल माझी हे मुलीने गल्लीभर सांगून टाकलं होतं. रविवारी आत्याची कथा. शनिवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो, पाय ओढत. ती वाटाणे सोलत बसली होती.

"आत्या, एक सांगायचं होतं."

"औषधाच्या दुकानात ऐकली," ती म्हणाली. मान वर केली नाही. "आधी वाटलं, माझ्याच डोक्यात वाजतेय. मग तो दुकानदारपण गुणगुणायला लागला."

मी तिथेच जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं. मंगळवार, पोछा, चौथा घास, अकरा चाली. एक वाटाणा घरंगळत माझ्याकडे आला, तो उचलून मी तिच्या भांड्यात टाकला.

"उद्या तू त्या ओळी बोलूनच सांग," मी म्हणालो. "पहिल्यासारख्या. मी तुझी चाल घालवली."

"तीस वर्षं बोलूनच सांगितल्या. उद्या गाणार आहे." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "अरे, चाल फरशीवर गेली म्हणून विटाळते होय? देव काय फरशीवर चालत नाही? माझ्या गुरूंनी अर्ध्या चाली तमाशेवाल्यांच्या उचलल्या होत्या. चाल कुठून आली आणि कुठे गेली, ते मी विचारत नाही."

"मग रागावली नाहीस?"

"रागावलेय. सर्दी झाली म्हणालास ना, त्याबद्दल. सोल आता."

संध्याकाळपर्यंत आम्ही वाटाणे सोलले.

रविवारी प्रार्थनाघर भरून वाहत होतं. शेवटची कथा म्हणून लोक लांबून आले होते. आत्या तासभर जे बोलली, ते मी लिहू शकणार नाही. ते तिच्या तोंडूनच. होडी मध्यावर आली. खोलीत कुणी खोकेना. मी पाय चालवायला सुरुवात केली, पेटीने श्वास घेतला, आणि आत्या गायला लागली, अगदी सावकाश.

नेले पैलतीरी, सारे वाटसरू. लोकांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. आपल्या पोराची चाल! आपल्या गल्लीतल्या पोराची, जी सगळीकडे वाजते ती! ते खुदकन हसले, प्रेमाने, माझ्याकडे बघून. आणि 'आता कसा तरू, माझा' झालं, तसं सगळ्या खोलीने मिळून दोन टाळ्या वाजवल्या. ठप् ठप्.

आत्याचा श्वास तिथेच घशात अडकला. 'मीच' आलाच नाही.

तिने हात वर केला. चेहऱ्यावर हसू होतं. "लेकरांनो, तुमच्या टाळ्या देवाला पोचल्या. पण नावाडी एकटा आहे होडीत. त्याला जरा एकटं राहू द्या." लोक ओशाळले, सावरून बसले. तिने मला खूण केली. परत पहिल्यापासून.

ह्या वेळी खोली इतकी शांत होती की पेटीच्या भात्याची कुरकुर ऐकू येत होती. आता कसा तरू. माझा.

ठप् ठप्.

लोकांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. वाजवलं होतं मी. माझ्या उजव्या हाताने, पेटीवर, दोन आखूड सूर, त्या मोकळ्या जागेत. मला कळलंसुद्धा नाही. वाजल्यावर कळलं, जसं ठेच लागल्यावर दगड दिसतो. मी आत्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. ती तिसऱ्यांदा सुरू झाली आणि मी हात सूरपट्टीवर ठेवले, आणि मला ती जागा सापडेना. किती होती? एवढी? की एवढी? जिथे मोकळं असायला हवं तिथे माझ्या बोटांच्या टोकांना कुणीतरी धक्के देत होतं. त्रेचाळीस वेळा मी ती जागा भरली होती. रिकामी कशी ठेवायची ते माझ्यात कुठेच उरलं नव्हतं. मी हात उचलले. पाय थांबवले.

ती एकटीच गायली. पेटीच्या आधाराशिवाय आवाज थरथरत होता, पण चाल तिच्याकडे होती, पूर्ण, सगळीच्या सगळी. 'माझा'पाशी ती थांबली. ती जागा किती लांब होती! मी विसरलोच होतो. ती श्वास घ्यायला गेली आणि श्वास पुरला नाही. 'मीच' तिने हलकेच बोलून सांगितला, तीस वर्षं सांगत आली तसा. मग कथा पुढे गेली, उतारू उठला, त्याने वल्हं घेतलं, लोकांनी डोळे पुसले, हात जोडले. सगळे तिच्या पाया पडून गेले. काहीजण मलाही म्हणाले, वा, नाव काढलंस.

खोली रिकामी झाल्यावरही मी पेटीमागेच बसून होतो. उठायचं तर कुठे जायचं? खिशातला फोन दोनदा थरथरला. मॅडमचा निरोप होता: फरशीवाल्यांना आता काचा पुसायच्या औषधासाठीही तीच चाल हवी आहे, उद्या दहाला बैठक.

आत्या हळूहळू आली आणि माझ्या बाजूच्या बाकावर टेकली. तिला धाप लागली होती.

"कोणाचा निरोप?"

"ऑफिसचा. उद्या परत तीच चाल मागताहेत."

"जाणार?"

"जावं लागेल."

तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"आत्या, माझ्याकडे नाहीये ती आता," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी केली, आणि माझ्याकडेच नाहीये."

"माझ्याकडे आहे की," ती म्हणाली. "दम नाही, पण चाल आहे. दम तुझा, चाल माझी. म्हण."

"आत्ता?"

"मग काय माझ्या वर्षश्राद्धाला? पेटीला हात लावू नकोस. म्हण, आता कसा तरू."

मी म्हणालो. 'माझा' म्हणून थांबलो. आत ते दोन ठोके वाजायला आले, मी दात आवळले, आणि 'मीच' म्हणून टाकलं.

"घाई केलीस," ती म्हणाली. "पुन्हा."

मी पुन्हा म्हणालो.

"घाई. पुन्हा."